प्रश्नोत्तरे : हात, वीत आणि फर्मी

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की हात-अंगुळांना अणूच्या मापात बसवायची पत्रं येतात. गोंधळ दरवर्षी तोच, म्हणून निवडक प्रश्नांना एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : एक हात म्हणजे किती फर्मी? (निपाणी)

४.५७२ जलधी, म्हणजे ४.५७२ गुणिले १० चा १४वा घात. हात १८ इंचांचा धरला आहे. फर्मी हे अणुकेंद्रकासाठीचं लांबीचं एकक : एका मीटरला १० च्या १५व्या घाताने भागलं की एक फर्मी.

प्रश्न : माझा हात साडेसतरा इंच भरतो. मोबाइलमधलं ॲप मात्र १८ इंच धरून पंधरा आकडी उत्तर देतं. खरं कुठलं? (शहापूर, बेळगाव)

ॲपचा गुणाकार बरोबर आहे, पण त्या पंधरा आकड्यांपैकी बहुतेक फुकटचे आहेत. गणपत गल्लीत फुलवाली अबोलीचा गजरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत धरून मोजते, ते जरा नीट बघा. दोरा ताणला तर दोन फुलं कमी येतात, सैल सोडला तर दोन जास्त. कोपराच्या हाडाशी थांबायचं की कातडीशी, हे तिच्या मनावर. असल्या मापातून दोन आकडे खात्रीचे मिळाले तरी पुष्कळ झाले. एकक बदलल्याने माप सुधारत नाही. पुढचे तेरा आकडे ॲपने पदरचे घातलेले असतात, आणि लोक नेमके तेच वहीत उतरवतात. तुमच्या आणि ॲपच्या हातात फरक अर्ध्या इंचाचा, पण फर्मीत तोच सव्वा शंकूच्या (शंकू म्हणजे १० चा १३वा घात) वर जातो.

खरं मोजणारे लोक कशावरून भांडतात तेही ऐका. प्रोटॉनची त्रिज्या ०.८७७ फर्मीच्या आसपास मानली जात होती. २०१० साली इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊबंद) फिरणाऱ्या हायड्रोजनवर ती मोजली, तर आली ०.८४२. फरक चार टक्क्यांचा, आणि त्यावरून जगभरचे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं डोकं धरून बसले. शेवटी भौतिकातले स्थिरांक ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (कोडाटा) २०१८ च्या शिफारशीत ०.८४१ च्या घरातला आकडा आला. आता हाताची अंगुळं चोवीस, म्हणजे एक अंगुळ हेही हाताचे चार टक्केच. जेवढ्या फरकावरून तिकडे एवढं रण माजलं, तेवढा आपण गजरा घेताना सहज सोडून देतो. म्हणून हाताचं रूपांतर करताना ‘सुमारे ४.५ जलधी फर्मी’ लिहा आणि थांबा. प्रबंधात घालायचं असेल तर मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय एकही दशांश वाढवू नका.

प्रश्न : आपल्या पूर्वजांनी अणूचा अचूक आकार मोजला होता, असा मेसेज फिरतो आहे. खरं का? (येळ्ळूर)

मेसेज पुढे पाठवण्याआधी कागदावर भागाकार करायला काय हरकत होती? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडवलेला धूलिकण, मग लिक्षा (लीख), यूका (ऊ), यवमध्य (जवाच्या दाण्याचा मध्य) असं आठ-आठने चढत अंगुळ होतं. पाच पायऱ्या, म्हणजे ३२,७६८ परमाणूंचं एक अंगुळ. अंगुळ पाऊण इंचाचं धरा. परमाणू येतो सुमारे ५८० नॅनोमीटर. हायड्रोजनचा अणू ०.१ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हजारो पटींनी लहान. बारीक मापांची शिडी बांधायची कल्पना उत्तमच आहे, तिचं कौतुक करा. तिच्यावर आजचा अणू कशाला लादता? इतर ग्रंथांत पायऱ्या वेगळ्या आहेत, तेव्हा संस्कृत जाणणाऱ्या अभ्यासकाला विचारूनच लिहा.

प्रश्न : एका वास्तुवाल्याने माझ्या हाताने घर मोजून त्याला ‘क्वांटम माप’ने भागलं. बाकीवरून दोष निघाला; निवारणाचे पैसे मागतो आहे. (चिकोडी)

देऊ नका. दहा मीटरची काँक्रीटची भिंत एक अंशाने तापली की मिलिमीटरचा दहावा हिस्सा वाढते, म्हणजे निखर्वभर (१० चा ११वा घात) फर्मी. सकाळची बाकी दुपारी टिकणार नाही. दोष काय तासातासाला बदलतो? ‘क्वांटम’ हा शब्द लावला की दर वाढतो, एवढाच यातला चमत्कार. भिंतीला खरोखर तडा असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवा, आणि पावसाळ्याची वाट बघू नका.

प्रश्न : एक गुंठा म्हणजे किती बार्न? बांधावरून भावाशी वाद आहे. त्याने हाताने मोजलं आहे. (खानापूर)

१० चा ३०वा घात, थोडं वरच. बार्न हे क्षेत्रफळाचं एकक अणुकेंद्रकांसाठी आहे, बांधासाठी नाही. सर्व्हे खात्याकडे मोजणीचा अर्ज करा, उतारा घेऊन वकिलांना भेटा, आणि तोवर दोघांनीही दगड हलवू नका.

प्रश्न : सर, हात अर्धा-अर्धा करत गेलं तर प्रोटॉन कधी येतो? आणि इलेक्ट्रॉन किती अंगुळांचा? प्रदर्शन परवा आहे. (विद्यार्थिनी, बेळगाव)

बाळ, साधारण बत्तीस वेळा अर्धा केलास की अणू, आणखी सोळा वेळा केलास की प्रोटॉन. अणू आणि त्याचं केंद्रक यांच्यात किती मोकळी जागा आहे, हे त्या सोळांतच दिसतं. तक्त्यावर तेवढंच मोठं काढ. इलेक्ट्रॉनचा आकार आजवर कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही, तेव्हा त्याच्यापुढे अंगुळ लिहूच नकोस. पुस्तकात २.८ फर्मीची ‘अभिजात त्रिज्या’ दिसेल. ती सूत्रातली लांबी आहे, मोजलेली नव्हे. तक्ता रंगवण्याआधी तुझ्या बाईंना दाखव. हे पत्र महिनाभर आधी यायला हवं होतं.