कॉर्टिसॉल 27 आलंय, पण गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय की हेल्थ पॅकेजमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलं जाणारं हार्मोन) 27 आलं, रिपोर्टवर ठळक अक्षरात 'हाय' छापलंय, घड्याळात तुमचा एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं तो आकडा, 28 आणि नवऱ्याचा 55, ऑफिसचं टेन्शन आहेच, तर अश्वगंधा सुरू करू का. मी बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर नाहीये मी, हे आधीच सांगते.

तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. अहो, मला तर बरंचसं उत्तर तिथेच दिसतंय. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर लिव्हर कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रोटीन जास्त बनवतं, आणि नेहमीची रक्ताची टेस्ट त्या प्रोटीनला चिकटलेलं आणि मोकळं असं दोन्ही कॉर्टिसॉल एकत्र मोजते. शरीरात काम करतं ते मोकळं, आणि ते एकूणाच्या दहा टक्क्यांहूनही कमी असतं. म्हणजे स्ट्रेस तितकाच असला तरी गोळ्यांमुळे आकडा फुगू शकतो. गोळ्या मनाने बंद करू नका हं, ज्यांनी दिल्यात त्यांना रिपोर्ट दाखवा आणि हे विचारा. उलट बाजूही आहे, दम्याचा पंप, त्वचेचं स्टेरॉईड मलम, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन यांनी हाच आकडा खाली जाऊ शकतो. सॅम्पल घेताना हे विचारायला हवं पण घरी येणाऱ्या मुलाला पुढच्या पत्त्यावर पोचायची घाई असते.

आणि गोळ्या नसत्या तरी एका आकड्यावरून स्ट्रेस कळत नाहीच. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं, पहाटे चढायला लागतं, आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अजून उसळी मारतं, ते नॉर्मल आहे, अंथरुणातून उठायला तेच लागतं. एका सकाळच्या रक्तावरून स्ट्रेस ठरवणं म्हणजे नऊ वाजता दादरला उभं राहून मुंबईत रात्रंदिवस अशीच गर्दी असते म्हणण्यासारखं. म्हणून संशोधनात आता दिवसातून चार-पाच वेळा लाळ घेऊन चढउतार बघतात, किंवा केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूलगतचे तीन सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने मागच्या तीन महिन्यांची सरासरी, सुईच्या भीतीने बदलत नाही. पण डाय-ब्लीचने गडबड होते आणि ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे, कोणी पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

एचआरव्ही नवऱ्याशी अजिबात ताडून बघू नका! दोघांची घड्याळं वेगळ्या कंपनीची असतील तर आकडेच वेगळे, ॲपलचं घड्याळ एसडीएनएन दाखवतं आणि गार्मिन, फिटबिट आरएमएसएसडी, हिशोबाच्या या दोन वेगळ्या पद्धती, पण दोन्ही मिलिसेकंदात असल्यामुळे सारखेच वाटतात. वयाने एचआरव्ही कमी होतो, आणि ताप, दारू, रात्री उशिरा जड जेवण यांनीही पडतो. स्वतःची झोपेतली आठवड्याची सरासरी बघा, वर जातेय का खाली, बस.

मला विचाराल तर खरं मोजण्यासारखं वेगळंच आहे. 1993 मध्ये मॅकइवेन आणि स्टेलर यांनी ॲलोस्टॅटिक लोड ही कल्पना मांडली, म्हणजे सततच्या ताणाने शरीराची होणारी झीज. मग 1997 च्या एका अमेरिकन अभ्यासात ती मोजायला दहा गोष्टी घेतल्या, त्यात बीपीचे दोन आकडे, कंबर-नितंब गुणोत्तर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), टोटल कोलेस्टेरॉल, एचबीए1सी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) होते, बाकी चार हार्मोन. बघा, यातलं बरंचसं अशा पॅकेजमध्ये असतं किंवा घरी मोजता येतं, फक्त ते कोणी स्ट्रेसचा रिपोर्ट म्हणून वाचत नाही. तुम्ही फोटो टाकलाय त्यात एचबीए1सी 5.9 दिसतंय. मी 27 सोडून त्याच्याकडे बघेन, कारण ते प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात येतं आणि पीसीओडीत तसंही लक्ष ठेवावंच लागतं.

आता करायचं काय. मनगटावर नाडी धरा, पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. श्वास सोडताना ठोके थोडे लांबतात ते बोटाला कळतं, व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेचं काम आहे ते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो. 2001 मध्ये इटलीतल्या लोकांनी बघितलं की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र 'ओम मणि पद्मे हुम' दोन्ही म्हणताना श्वास आपोआप सहाच्या जवळ येतो. (जप करणाऱ्या आज्यांना ग्रँट कोणी दिली नाही! आपल्याकडे योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंदांनी मात्र 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून यौगिक क्रिया यंत्रं लावून मोजायला घेतल्या होत्या.) 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने रोज पाच मिनिटं महिनाभर असा प्रयोग केला, नाकाने श्वास, त्यावर अजून एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब सोडायचा. मूड त्याच प्रयोगातल्या ध्यानवाल्या गटापेक्षा जास्त सुधारला. पहिल्या आठवड्यात घड्याळातल्या एचआरव्हीत काही हललं नाही तर सोडू नका, झोप कशी लागते, चिडचिड किती होते ते बघा.

अश्वगंधाने कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस पण आहेत, थायरॉईड असेल किंवा प्रेग्नन्सीचा विचार असेल तर नकोच. तुमचा आकडा गोळीमुळे वाढला असेल तर तो उतरवायला दुसरी गोळी कशाला?

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं तर पोटावर रुंद जांभळे पट्टे, साध्या धक्क्याने काळंनिळं होणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नसणं असं काही असेल तर, ते कुशिंगचं, म्हणजे कॉर्टिसॉल खरंच सतत जास्त राहण्याच्या आजाराचं असू शकतं. आणि दोन आठवडे मन अगदीच उठत नसेल तर 14416 वर टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

गोळीचं नाव आणि रक्त किती वाजता काढलं तेवढं इथे टाका, मग पुढचं बघू.