उजवा पाय लुळा, चटका मात्र डाव्याला कळेना

प्रश्न : मज्जारज्जूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली, तर चटका डाव्या पायाला कळत नाही. असं कसं?
– फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : फरक बाजू ओलांडण्याच्या जागेचा आहे. वेदना-तापमानाचा निरोप मज्जारज्जूत शिरल्यावर मागच्या शृंगात, म्हणजे आतल्या करड्या भागाच्या मागच्या टोकात, दुसऱ्या चेतापेशीकडे जातो. तिचा तंतू एक-दोन खंडांतच पलीकडे जाऊन वर चढतो. कंपन आणि सांध्याच्या स्थितीची जाण मात्र त्याच बाजूच्या मागच्या स्तंभातून थेट लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत, जाते आणि तिथं बाजू बदलते. म्हणून उजव्या इजेत डाव्या पायाचा चटका हरवतो, उजव्याचं कंपन. लुळाही उजवाच पडतो. याला ब्राउन-सेकार्ड सिंड्रोम म्हणतात. मागचा स्तंभ बिघडला, की चालताना चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. ही गोष्ट रुग्णाला जरूर विचारा.

कंपन तपासताना १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा काटा) वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवा. ‘लागतंय का?’ विचारू नका, थंड धातूच्या स्पर्शानंही रुग्ण ‘हो’ म्हणतो. ‘थरथर कधी थांबली?’ असं विचारा. सांध्याच्या स्थितीची जाण तपासताना रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत आणि अंगठा दोन्ही कडांनी धरून वर-खाली हलवा. वरून-खालून धरलात तर तुमच्या बोटांच्या दाबावरूनच त्याला दिशा कळते.