एफ.वाय.बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला साध्या लंबकावरून जी ची (गुरुत्वीय त्वरणाची) किंमत ९.३ येते. चूक कुठे होत असेल?

दोरा ६० सेंमी, २० दोलनांचा वेळ, आकडेमोड तीनदा तपासलेली, तरीही ९.३, असं तुम्ही लिहिलंय. मग चूक मांडणीत आहे. उत्तर कोणत्या बाजूला आणि किती सरकलंय, यावरून ती बरीचशी पकडता येते.

मोजणीपासून सुरुवात करू. स्टॉपवॉच चालू करताना ‘एक’ म्हटलं, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत १९च दोलनं होतात. आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) ५ टक्क्यांनी कमी येतो आणि जी त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे उत्तर १०.८ च्या आसपास जातं. एक दोलन जास्त झालं तर ८.९ येतं. तुमचं ९.३ दोन्हींत बसत नाही, म्हणजे मोजणी बहुधा बरोबर आहे. तरी ‘शून्य’ म्हणूनच सुरुवात करा.

माझा संशय लांबीवर आहे. लांबी म्हणजे नुसता दोरा नव्हे. बुचाच्या दोन फाकींतून दोरा जिथे बाहेर येतो, तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून सहज दीड सेंमी होतात. ६० सेंमीत हे दीड सेंमी धरायचे राहिले की जी अडीच टक्क्यांनी घसरते. दोरा खिळ्याला गाठ मारून बांधला असेल, तर टांगणीचा बिंदूच नक्की राहत नाही. लांबी मोजायची ती गोळा टांगल्यावर, कारण दोरा ताणला जातो. गोळ्याचा व्यास व्हर्निअरने (बारीक मोजमापाच्या जबड्यांच्या पट्टीने) घ्या आणि शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावरही दिसणारा आकडा, आधी पाहा.

दुसरा संशय झोक्यावर. आपलं सूत्र (जी = ४π² × लांबी ÷ आवर्तकालाचा वर्ग) लहान कोनापुरतंच खरं आहे. ५ अंशांना आवर्तकालातला फरक ०.०५ टक्के, म्हणजे नगण्य. २५ अंशांना तो १.२ टक्के होतो आणि जी त्याच्या दुप्पट घटते. अपुरी लांबी आणि २५ अंशांचा झोका एकत्र आले की ९.७९ चे बरोबर ९.३ होतात! ६० सेंमीच्या लंबकाला गोळा ५ सेंमीच बाजूला न्या. ढकलू नका, नुसता सोडा. नाहीतर तो लंबवर्तुळात फिरू लागतो. स्टँड हलत असेल तर पायावर वजन ठेवा.

वेळ घेताना गोळा टोकाला असताना बटण दाबू नका. तिथे तो जवळजवळ थांबलेला असतो, नेमका क्षण कळत नाही. मधल्या स्थितीतून तो सर्वांत वेगाने जातो, म्हणून टेबलावर खडूची खूण करून तिथेच मोजा. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण आपल्या हाताची चूक ०.२ सेकंदाची असते. २० दोलनांच्या साधारण ३१ सेकंदांत तिच्यामुळे जी मध्ये सव्वा टक्क्याचा फरक पडतो; ५० दोलनं घेतलीत तर अर्धा टक्का.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकाच लांबीवरून उत्तर काढू नका. ६० ते १२० सेंमीपर्यंत पाच-सहा लांब्या घ्या, प्रत्येकीचं रीडिंग दोनदा घ्या आणि आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर, लांबी मीटरमध्ये आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. चढ ४.०३ च्या आसपास यायला हवा, ३९.४८ ला (म्हणजे ४π² ला) चढाने भागलं की जी मिळते. लांबीत प्रत्येक वेळी तेच दीड सेंमी राहिले असतील तरी चढ बदलत नाही. फक्त रेघ लांबीचा अक्ष शून्याच्या डावीकडे दीड सेंमीवर छेदते आणि चूक आपोआप उघडी पडते. म्हणूनच ‘आलेख शून्यातून गेलाच पाहिजे’ म्हणून पट्टी शून्यावर टेकवून रेघ ओढणं मला फार खटकतं. त्याने ही माहितीच पुसली जाते.

आणि ९.८१ च्या मागे लागून रीडिंग बदलू नका. मुंबई-पुण्याकडे जी मुळातच ९.७८ ते ९.७९ आहे. आलेखावरून ९.७ आलं आणि तुमची अनिश्चितता ०.१ असेल, तर जर्नलमध्ये तसंच लिहा, सोबत वेळेतल्या आणि लांबीतल्या अनिश्चिततेची टक्केवारी वेगवेगळी दाखवा. तोंडीला परीक्षक तेच विचारतात.