नवीन सायकल चालवताना गुडघे दुखतात आणि तळहातांना मुंग्या येतात. सीट कशी लावावी?

नागपुरातील अंबाझरी ते फुटाळा ही फेरी सुरू केल्यापासून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, असे आपण लिहिले आहे. माझा पहिला संशय सीटच्या उंचीवर आहे, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून नवशिके सीट हमखास खाली ठेवतात आणि मग प्रत्येक पेडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो.

सायकल भिंतीला लावून, नेहमीचे बूट घालून सीटवर बसा आणि पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. या स्थितीत पाय सरळ झाला, तर टाचेऐवजी चवडा ठेवल्यावर गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो, आणि तोच हवा. कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली किंवा गुडघ्यामागे ताण जाणवला, तर सीट जास्त वर गेली आहे. एका वेळी ५ मिलिमीटरच बदल करावा आणि दोन-तीन फेऱ्या मारून पाहावे. सीटच्या दांड्यावरील किमान खोलीची खूण (दांडा सांगाड्यात निदान किती आत असावा हे दाखवणारी) मात्र बाहेर दिसता कामा नये.

मुंग्यांचे कारण बहुधा सीटचे पुढे झुकलेले टोक असते (दुकानात ते सरळ करून देतीलच असे नाही). त्यामुळे शरीर पुढे घसरते आणि सगळा भार तळहातांवर येतो. सीट समतल करावी. तरीही त्रास राहिल्यास हँडल थोडे वर घ्यावे आणि कोपर ताठ ठेवू नयेत.