आधी परीक्षा ठरवा, सिलॅबस मागाहून

प्रश्न: आमचं कॉलेज देवगड तालुक्यात. सीझनला आंब्याच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायकांसाठी आम्ही प्रतवारी-पॅकिंगचा छोटा सर्टिफिकेट कोर्स काढतोय. पण त्या कागदाला वजन कसं येणार? नुसता फ्रेम करून भिंतीवर लागायला नको. – एक प्राध्यापिका

उत्तर: ताई, भीती रास्त आहे तुमची. आपल्याकडे काय होतं, आधी सिलॅबस लिहितात, मग शिकवणार कोण ते बघतात आणि परीक्षा शेवटी कशीतरी उरकतात, तुम्ही उलटं करा. समोर २५ हापूस ठेवा, खांदे वर आलेत का, देठाजवळ खड्डा पडलाय का ते बघून चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार कुठले नि कोवळे कुठले ते वेगळे करायला सांगा आणि मग तीच फळं पाण्याच्या बादलीत सोडा. तयार असेल ते बुडतं, कोवळं तरंगतं, तिथे मार्कांवरून वाद घालायला जागाच राहत नाही. नंतर डागी फळं बाजूला काढून, वजनाप्रमाणे लावून एक पेटी भरून दाखवायची. हे जमलं की पास, लेखी पेपर कशाला हवा? आणि जी वीस वर्षं हेच करतेय तिला वर्गात बसवू नका हो, थेट परीक्षेला घ्या, राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत, म्हणजे शिकणं क्रेडिटमध्ये मोजायच्या सरकारी पद्धतीत, अनुभवालाही क्रेडिट द्यायची सोय आहे.

त्याच चौकटीत १ क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यात प्रात्यक्षिक आणि परीक्षाही धरतात, त्यामुळे एका दिवसाच्या वर्कशॉपला क्रेडिट कोर्स म्हणू नका. विद्यापीठाची मान्यता फी घ्यायच्या आधी मिळवा. मग क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतं, २०२१ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतं, म्हणजे एखादीला पुढे डिप्लोमा करावासा वाटला तर ते तिथे धरता येऊ शकतं.

वेळेचंही बघा. एप्रिल-मेमध्ये वर्ग ठेवलात तर कोणी फिरकणार नाही, त्यांची मजुरी बुडेल ना. वर्ग दसऱ्यानंतर संध्याकाळचे घ्या, आणि परीक्षा मात्र सीझनमध्येच, पॅकिंगच्या शेडवर जाऊन, परीक्षक म्हणून गावातला एखादा जाणता बागायतदार सोबत घ्या.

सर्टिफिकेटवर ‘कोर्स पूर्ण केला’ एवढंच नको. ‘हापूसची पक्वता ओळखते, प्रतवारी करून पेटी भरते’ असं सरळ मराठीत लिहा, आणि खाली त्या बागायतदाराची सही घ्या.