"सांगायलाच हवं का?" : कॅनडा पीआरच्या (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) मेडिकलबद्दल

तुमच्या प्रश्नात "सांगायलाच हवं का?" हे तीनदा आलंय. १० वर्षांपूर्वी तुम्हाला टीबी झाला होता तो सांगायचा का, धाकट्या मुलाची स्पीच थेरपी सांगायची का, आणि थोरला तूर्त आजी-आजोबांकडेच राहणार आहे तर त्याची तपासणी टाळता येईल का. तिन्हींना माझं उत्तर एकच: सांगा, आणि थोरल्यालाही न्या. पॅनल फिजिशियनची (ही तपासणी करायला नेमलेल्या डॉक्टरांची) यादी कुठे आहे वगैरे आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर सापडेल, ते इथे लिहीत नाही.

आधी थोरल्याचं, कारण ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. मूल सोबत येणार नसलं तरी अर्जात त्याचं नाव हवं आणि त्याची तपासणीही व्हायला हवी. तपासणी न झालेल्या मुलाला पुढे फॅमिली क्लासमधून (जवळच्या नातेवाइकांसाठीच्या वर्गातून) स्पॉन्सर करून बोलावता येत नाही. आज एक फेरी वाचवायला जाल आणि उद्या मुलाचीच वाट बंद कराल. या एका गोष्टीसाठी मी हात जोडून सांगते.

आता टीबी. छातीचा एक्स-रे ११ वर्षांवरच्या सगळ्यांचा होतो. बरा झालेला टीबी बहुतेकदा फुफ्फुसाच्या वरच्या भागात व्रण ठेवून जातो आणि तो रेडिओलॉजिस्टला दिसतोच. तुम्ही फॉर्मवर "नाही" लिहिलेलं आणि फिल्मवर डाग, अशी जोडी पुढे गेली की आजाराचा प्रश्न मागे पडतो आणि खोटेपणाचा पुढे येतो. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं अर्ज करता येत नाही. उलट पूर्ण बरा झालेला टीबी हे नकाराचं कारण नाही. त्याने फक्त वेळ जातो, आणि किती जाईल ते बऱ्याच अंशी तुमच्या कागदांवर ठरतं.

उपचार केलेल्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. "टीबी बरा झाला आहे" एवढी एक ओळ कामाची नाही. निदानाची तारीख, कोणती औषधं किती डोसमध्ये, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, सुरुवातीचे आणि शेवटचे थुंकीचे रिपोर्ट, हे सगळं त्यात हवं. जुनी एक्स-रे फिल्म किंवा सीडी मिळाली तर सोन्याहून पिवळं: डाग तेव्हा जसा होता तसाच आज आहे हे दिसतं. तरीही थुंकीची तपासणी सांगितली जाऊ शकते. वेगवेगळ्या दिवशी ३ नमुने द्यावे लागतात आणि कल्चरला (नमुन्यातला जंतू वाढवून पाहायला) ८ आठवड्यांपर्यंत लागतात, कारण टीबीचा जंतू वाढतोच सावकाश. सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्यापिण्याआधी, खोलवर खोकून काढलेला बेडका लागतो. तोंडातली लाळ दिली की नमुना नाकारला जातो आणि तारखा पुढे सरकतात.

२१ ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीच्या (कुशल कामगारांना गुणांवर पीआर देणाऱ्या पद्धतीच्या) अर्जाआधीच मेडिकल करावं लागतं. अर्ज करण्याचं निमंत्रण आलं की अर्जाला ६० दिवस मिळतात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. अर्जाला तपासणी झाल्याचा ईमेडिकलचा (निकाल पाठवण्याच्या ऑनलाइन यंत्रणेचा) कागद जोडायचा असतो, तो क्लिनिकमधून निघण्याआधी मागून घ्या आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर तिथेच ताडून पाहा. निकाल डॉक्टर परस्पर आयआरसीसीला पाठवतात. निर्णय त्यांचा नसतो, त्यामुळे "पास झालो का?" हे त्यांना विचारून उपयोग नाही. मेडिकल १२ महिने चालतं, हेही लक्षात ठेवा.

बाकी तपासण्या साध्या आहेत, पण क्षुल्लक कारणाने परत बोलावलं जातं. लघवीची तपासणी ५ वर्षांवरच्यांची असते. पाळीच्या दिवसांत ती नकोच, लघवीत रक्त दिसतं आणि पुन्हा द्यावी लागते. आदल्या दोन दिवसांत जिममध्ये घाम गाळू नका. जड व्यायामाने लघवीत प्रथिनं उतरतात. क्रिएटिन पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, रक्तातलं क्रिएटिनिन त्याने वाढलेलं दिसू शकतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त १५ वर्षांवरच्यांचं घेतात, त्याला उपाशी जायची गरज नाही. एक्स-रेला लांब वेणी खांद्यावर आली की फुफ्फुसाच्या टोकावर सावली पडते, नेमकी जिथे टीबीचा डाग शोधतात तिथे. केस वर बांधा. श्वास पूर्ण भरून रोखा. पत्नी गरोदर असण्याची शक्यता असेल तर एक्स-रेआधीच सांगा. चष्मा न्या. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या, चहा-कॉफी अर्धा तास आधी बंद, आणि घरच्या रीडिंगची दोन आठवड्यांची वही सोबत असू द्या.

धाकट्याबद्दल लिहिताना मात्र माझा हात थरथरतो. तुमच्यासारख्या अर्जांत "अतिरिक्त भार" नावाचा निकष लागतो: या माणसावर सरकारचा आरोग्य आणि सामाजिक सेवांचा खर्च किती होईल. २०२५ सालची मर्यादा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. २०१८ पूर्वी शाळेतलं विशेष शिक्षणही या हिशोबात धरायचे, म्हणजे मूल हळू शिकतं म्हणून अख्खं कुटुंब महाग ठरायचं. २०१८ मध्ये विशेष शिक्षण वगळलं आणि मर्यादा तिप्पट केली. नियम बदलला, पण मुलाच्या शिकण्याला किंमतीची चिठ्ठी लावली होती याची चीड मला आजही आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की निव्वळ स्पीच थेरपीने घाबरू नका. थेरपिस्टचा ताजा रिपोर्ट न्या, त्यात आठवड्याला किती सत्रं, काय सुधारणा झाली, पुढे किती काळ लागेल हे आकड्यांत असू द्या. गोलमोल रिपोर्ट वाचणारा अधिकारी जास्तीचा खर्च गृहीत धरू शकतो. शंका आली तर आधी पत्र येतं आणि उत्तराला ९० दिवस मिळतात. थेट नकार येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फॉर्मवर मानसिक आजाराचाही प्रश्न असतो. लोक डिप्रेशनची गोळी मेडिकलच्या महिनाभर आधी बंद करतात आणि "नाही" लिहितात. असं कधीही करू नका. गोळी अचानक तोडल्याने त्रास उसळतो, आणि चालू उपचाराने स्थिर असलेलं डिप्रेशन साधारणपणे अडचणीचं नसतं. मी यावर जास्त लिहितेय हे मला कळतंय. पण नोव्हेंबरात उतरलेल्या माणसाला साडेचार वाजता अंधार होतो, फोन करावा तर तिकडे पहाट, आणि ज्याच्याकडे न सांगता जाऊन बसता येईल असं कुणीच नसतं. हे आलेल्या प्रत्येकाला कमीअधिक होतं आणि बाहेर कुणी बोलत नाही. ज्याने कागदावर आजार लपवला, तो इथेही डॉक्टरकडे जायला उशीर करतो. मलाही याचं उत्तर नीट सापडलेलं नाही.

म्हणून निघताना औषधांची प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावांनी (कंपनीच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावांनी) लिहून घ्या आणि किमान ३ महिन्यांचा साठा आणा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारी आरोग्य विमा सुरू व्हायला उतरलेला महिना आणि पुढचे २ महिने जातात, तोवरचा खासगी विमा आधीच काढा. एक्स-रेची सीडी आणि रक्ताचे रिपोर्ट यांची प्रत क्लिनिककडून मागा. जुन्या टीबीमुळे तुम्हाला वैद्यकीय देखरेखीची सूचना मिळाली, तर उतरल्यापासून ३० दिवसांत सार्वजनिक आरोग्य विभागाशी संपर्क व्हायला हवा. ती सीडी तेव्हा सगळ्यात आधी मागतील, सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.