ट्यूबलाइटखाली रोपं लांबतात

प्रश्न: लष्करमधल्या आमच्या वाड्यात जानेवारीच्या धुक्यामुळे ऊन येतच नाही. टोमॅटो-मिरचीचं बी खोलीतच ट्यूबलाइटखाली पेरलं. रोपं सुतासारखी लांबून आडवी पडताहेत. खत घालू का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: खत मुळीच नको, ताई. त्यांना उजेड कमी पडतोय. छताजवळच्या ट्यूबलाइटनं खोली आपल्याला लख्ख दिसते, रोपाला ती अंधारीच. पांढरी एलईडी पट्टी दोरीनं टांगा, शेंड्यापासून चार-पाच बोटांवर, आणि रोपं वाढतील तशी वर सरकवा. दिवसाला 14 ते 16 तास पुरे, रात्री बंद.

मिरचीला उगवायला 25 ते 30 अंशांची ऊब लागते, म्हणून ट्रे फ्रिजवर ठेवतात. पण कोंब दिसला की लगेच दिव्याखाली! बुडाशी कुजून रोप कोलमडत असेल, तर पाणी जास्त होतंय. वरून ओतू नका, ट्रे परातीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून काढा. (माझी लग्नातल्या आहेराची परात याच कामाला लागली आहे. सासूबाईंना सांगू नका.)

लांबलेले टोमॅटो फेकू नका. पुनर्लावणीत खोड वरच्या पानांपर्यंत पुरा, त्यालाही मुळं फुटतात. मिरची मात्र पुन्हा पेरलेली बरी. थंडी ओसरली की आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवून मगच गच्चीवर न्या.